गजभियेभाऊंचं अक्षर

आमच्या शाळेत शिकवणाऱ्या पुरुषाला ‘सर’ म्हणत आणि बाकी सगळ्यांना ‘भाऊ’. ऑफिसातले भाऊ, घंटेचे भाऊ, पाण्याचे भाऊ. प्रल्हाद गजभिये हे प्रयोगशाळेचे भाऊ. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचेची भांडी धुवायची, बाटल्या पुसायच्या, शिक्षक मागतील ते सामान टेबलावर आणून ठेवायचं आणि तास संपला की उचलून न्यायचं. या कामाला जेवढं विज्ञान लागतं त्याच्या कितीतरी पट त्यांच्याकडे होतं. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे.

मी त्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी माझ्याविषयी चांगलं चांगलं बोललं गेलं, आणि ते ऐकताना मला एकसारखे गजभियेभाऊ आठवत होते. मला जे काही शिकवता आलं त्यातलं बरंचसं मी त्यांच्याकडून उचललं. आणि त्यांच्या आयुष्यात जी एक गोष्ट व्हायला हवी होती ती झाली नाही, त्यात माझा हात होता.

मी पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तेव्हा दाराबाहेर एक चपलांचा जोड नीट भिंतीला लावून ठेवलेला होता. आत एक चाळिशीकडे झुकलेला, सडपातळ माणूस कपाटाच्या काचा पुसत होता. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दाढी घोटून केलेली. त्यांनी मला नमस्कार केला आणि कपाटं उघडून दाखवली. दीडदोनशे बाटल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी, तिच्यावर काळ्या शाईत आधी मराठी नाव, खाली रासायनिक सूत्र. असं अक्षर मी छापलेल्या पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं. काना सरळ, वेलांटी गोल, आणि ‘ल’ लिहिताना शेवटी एक बारीकसा आकडा. मी विचारलं, हे कोणी लिहिलं? ते म्हणाले, मीच. आणि पुन्हा काचा पुसायला लागले.

त्याच आठवड्यात नववीला सौम्य आम्ल करून दाखवायचं होतं. पन्नास मुलं टेबलाभोवती उभी. मी घाबरलेली. बीकरमध्ये आम्ल ओतून घेतलं आणि पाण्याचा चंबू उचलला. तेवढ्यात गजभियेभाऊ शेजारी येऊन हळूच म्हणाले, मॅडम, मुख्याध्यापकांनी बोलावलं. मी चंबू ठेवला आणि बाहेर गेले. ते मागून आले.

“मुख्याध्यापकांनी नाही बोलावलं,” ते म्हणाले. “पाण्यात ॲसिड टाकायचं, मॅडम. ॲसिडमधी पाणी नाही. उसळून तोंडावर आलं असतं.”

पाठ असलेली गोष्ट होती ती. परीक्षेत तिच्यावर मला मार्कही मिळाले असतील. ते म्हणाले, आता दोन मिनिटं थांबून आत चला, म्हणजे पोरांना वाटेल तुम्ही खरंच जाऊन आल्या. आम्ही दोन मिनिटं व्हरांड्यात उभे राहिलो. समोर मैदानावर कोणाचा तरी खो-खोचा तास चालला होता, तो आम्ही पाहिला.

पुढं अशी कित्येक दोन मिनिटं आली. वर्गात मुलांसमोर ते एक शब्द बोलत नसत. पण प्रयोग चुकायला लागला की त्यांचा हात यायचा आणि बर्नरची ज्योत कमी करून जायचा, किंवा लागणारी परीक्षानळी माझ्या हाताजवळ सरकवून जायचा. त्यांची म्हणून काही ठाम मतं होती. हुशार मुलाला प्रयोग करू द्यायला ते राजी नसत. ज्याले येत नाही त्याच्या हातात आधी द्या, असं म्हणत. येणाऱ्याले तर पाहूनही येते. पुस्तकं बदलली की शिक्षकांच्या आधी ते नवं पुस्तक आणून वाचत. फुलाचे भाग शिकवायचे असले की सकाळी सायकलच्या हँडलला जास्वंदीची पिशवी लटकलेली असायची. मी सांगितलेलं नसायचं. त्यांना वेळापत्रक पाठ होतं.

दुपारचा डबा ते प्रयोगशाळेतच, मागच्या खिडकीपाशी स्टुलावर बसून खात. शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालत, तिथं ते कधी आले नाहीत. मला वाटायचं, त्यांना एकटं बसायला आवडतं. तिथं यायला त्यांना कोणी कधी म्हटलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षं गेली. आणि लक्षात आल्यावरही मी म्हटलं नाही.

त्यांच्या शिक्षणाविषयी मला कळलं ते आमच्या जुन्या मुख्याध्यापिकेकडून. एकदा शाळेच्या कामानं मी त्यांच्या घरी गेले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, तुझा गजभिये बी.एस्सी., बी.एड. आहे, ठाऊक आहे ना? वडील लकडगंजला लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला, घरात पुस्तक म्हणून नाही. बारावी झाल्या झाल्या हा आमच्याकडे लागला. तेव्हा शाळा सकाळची, ती आटोपली की सायकलनं कॉलेजात. असं करत पदवी घेतली, मग बी.एड. केलं आणि दोन्ही प्रमाणपत्रं आणून माझ्या टेबलावर ठेवली. न शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यानं शिक्षकाची पात्रता मिळवली तर रिकाम्या जागेवर त्याचा आधी विचार करायचा असतो. मी संस्थेला तसं लिहिलं होतं. संस्था म्हणाली, जागा निघू दे. मग जागा निघाली.

एवढं बोलून बाई थांबल्या. जागा निघाली तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. त्या जागेवर मी लागले होते. संस्थेचे सचिव माझे सख्खे मामा.

म्हणजे मी पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवला तेव्हा, ती काच पुसता पुसता, त्यांना सगळं माहीत होतं. आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझं तोंड भाजण्यापासून वाचवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्यांच्याशी काही बोलेन असं मला वाटत होतं. मी गेले, आठवीच्या प्रयोगाच्या सामानाची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि वर्गावर गेले.

माझी मुलगी झाली त्या वर्षी मी गणपतीच्या आधी रजेवर गेले ती थंडी संपताना परत आले. बदली शिक्षक मिळाला नाही. वेळापत्रकावर माझे तास गणिताच्या सरांच्या नावावर टाकले होते, पण त्यांचे त्यांनाच तास जास्त झालेले. दहावीचं वर्ष. पहिले आठ दिवस मुलं मैदानावर फिरत होती. नवव्या दिवशी गजभियेभाऊ वर्गात जाऊन उभे राहिले. मुख्याध्यापक आता नवे होते, त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेले. त्यांची अडचण परस्पर मिटली होती.

मी आले तेव्हा पूर्ण पुस्तक शिकवून झालेलं होतं. मुलांच्या वह्या तपासलेल्या होत्या, लाल शाईत, चुकीच्या उत्तराशेजारी बरोबर उत्तर न लिहिता एक प्रश्न लिहिलेला. ‘मग लोखंडच का गंजतं, सोनं का नाही?’ असं काही. मुलांनी शोधायचं. मागच्या बाकावरची एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, भाऊ आपल्या भाषेत शिकवतात, म्हणून समजते. ते खरं होतं. आम्ही बाकी सगळे पुस्तकाच्या मराठीत शिकवत होतो. ते म्हणत, पाहा बरं, हा वायू पेटून राहिला का विझून राहिला, आणि घाई नोको करू बाप्पा, त्याले त्याचा वेळ लागते.

निकाल लागला. विज्ञानात शाळेचा इतका चांगला निकाल त्याआधी कधी लागला नव्हता. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर विषयशिक्षकांचा सत्कार होता. विज्ञानासाठी माझं नाव पुकारलं. मी मंचावर गेले. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छाचं तबक घेऊन पाहुण्यांच्या बाजूला कोण उभं असावं, तर गजभियेभाऊ. कार्यक्रमात तबक धरायचं काम शिपाई आणि परिचर यांच्याकडे असे. पाहुण्यांनी तबकातली शाल उचलून माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. दहावी पास झालेली मुलं मागं उभी होती, ती टाळ्या वाजवताना माझ्याकडे पाहत नव्हती. ध्वनिक्षेपक माझ्यापासून दोन हातांवर होता. एक वाक्य पुरलं असतं. मी पाहुण्यांना नमस्कार केला आणि खाली उतरले.

नंतर प्रयोगशाळेत ते म्हणाले, अभिनंदन, मॅडम. आवाजात काही नव्हतं. मी म्हटलं, खरं तर तुमचंच आहे हे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाले, मंग तिथं म्हणायचं होतं न.

दिवाळीच्या आधी त्यांनी शिक्षण कार्यालयात अर्ज केला. आपण पात्र असताना आपल्याला डावलून नेमणूक झाली, अशी तक्रार. संस्थेनं उत्तर दिलं की गजभिये यांच्याकडे कागदी पात्रता असली तरी त्यांना वर्ग सांभाळता येत नाही, शिकवण्याचा अनुभव शून्य. त्यावर त्यांनी कळवलं की मागच्या वर्षी दहावीला मी विज्ञान शिकवलं आहे आणि निकाल सर्वांसमोर आहे. सुनावणी लागली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून टंकलेला कागद पुढं केला. माझ्या रजेच्या काळात विज्ञानाचे तास गणिताच्या सरांनी घेतले, श्री. गजभिये यांनी कोणताही वर्ग घेतलेला नाही. खाली माझं नाव. गणिताच्या सरांनी आधीच सही केली होती. मी म्हटलं, पण मी तर रजेवर होते, मला काय माहीत. ते म्हणाले, तेच तर. तुम्हाला काय माहीत, म्हणून सही करायला काय हरकत आहे? घरी गेल्यावर मामांचा फोन आला. ते रागावले नाहीत. त्यांनी मुलीची चौकशी केली, ती चालायला लागली का विचारलं, आणि मग म्हणाले, हे बघ, त्याची तक्रार संस्थेविरुद्ध दिसते, पण जागा एकच आहे. तुझी.

मी सही केली.

सुनावणीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापक, गणिताचे सर आणि मी. समोर गजभियेभाऊ एकटे, तोच पांढरा शर्ट. त्यांनी पिशवीतून दहावीच्या मुलांच्या सात-आठ वह्या काढल्या. मुलांनी स्वतःहून आणून दिल्या होत्या. अधिकाऱ्यांनी पानं उलटली, मग एक वही माझ्याकडे सरकवली. लाल शाई, गोल वेलांट्या, ‘ल’च्या शेवटी आकडा. रोज सकाळी दीडदोनशे बाटल्यांवर मी ते अक्षर वाचत होते.

अधिकारी म्हणाले, “मॅडम, तुम्ही यांच्याबरोबर इतकी वर्षं काम करता. हे अक्षर कोणाचं?”

मी वही डोळ्यांजवळ धरली. पान वाचत असल्यासारखं केलं.

“सांगता येणार नाही,” मी म्हटलं.

गजभियेभाऊंनी मान वर केली नाही. वह्या एकावर एक ठेवल्या, कडा जुळवल्या आणि पिशवीत घातल्या. निकाल महिन्याभरानं आला. शिकवल्याचा पुरावा नाही. अर्ज फेटाळला.

शाळेत सगळे म्हणत, आता हा काही सरळ वागणार नाही. ते अत्यंत सरळ वागले. वेळेवर येत, वेळेवर जात. कपाटं तशीच लखलखीत. फक्त आता मी चिठ्ठीवर जे लिहीन तेच टेबलावर यायचं. जास्वंदीची पिशवी बंद झाली. प्रयोग चुकायला लागला तर कोणाचा हात पुढं येत नसे; ते भिंतीशी उभे राहून पाहत असत, डोळे प्रयोगावर, हात पाठीमागं.

एकदा सातवीला उच्छ्वासातला वायू दाखवायचा होता. नळीतून फुंकर मारली की चुन्याची निवळी दुधासारखी होते, मुलांना फार आवडणारा प्रयोग. एका मुलीनं गाल फुगवून फुंकलं, दुसरीनं फुंकलं, निवळी पाण्यासारखी स्वच्छ. मुलं हसायला लागली. मी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं आणि तास संपवला. मग त्यांना विचारलं, भाऊ, असं का झालं? ते म्हणाले, निवळी जुनी होती. मी म्हटलं, मग ताजी का नाही केली?

“चिठ्ठीवर ताजी लिवलं नव्हतं, मॅडम,” ते म्हणाले. “मी तर परिचर. मले काय समजते त्यातलं?”

मला राग आला होता. मुलांचा काय दोष, असं काहीतरी मी बोलले. मुलांचं नाव काढलेलं त्यांना लागलं असावं, कारण त्यानंतर ताजी निवळी नेहमी असे. तेवढी एक गोष्ट त्यांनी पुन्हा सुरू केली. पण माझ्याशी कामापलीकडचा शब्द ते त्यानंतर अकरा वर्षं बोलले नाहीत. मी मात्र त्या अकरा वर्षांत चांगली शिक्षिका झाले. मला व्हावंच लागलं. रात्री घरी बसून मी दुसऱ्या दिवशीचा प्रयोग वहीत काढत असे, कुठं काय चुकू शकतं ते लिहीत असे. मुलं मला आवडत्या मॅडम म्हणायला लागली. वर्गात ज्याला येत नाही त्याच्या हातात मी आधी नळी देई, आणि पालकसभेत ही माझी पद्धत म्हणून सांगत असे. एकदा असं सांगताना मागच्या दारातून ते खुर्च्या आणत होते. ऐकून त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि गेले.

त्यांच्या निरोप समारंभात भाषण करायचं काम माझ्याकडे आलं, विज्ञानाची शिक्षिका म्हणून. शांत, कामसू, प्रामाणिक कर्मचारी, असं मी बोलले. यातलं एकही विशेषण खोटं नव्हतं. मग ते उभे राहिले. म्हणाले, मी या शाळेत चाळीस वर्षं काम केलं, प्रयोगशाळेच्या किल्ल्या ऑफिसात जमा केल्या आहेत. आणि बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणाला कळेना.

त्यांच्या जागेवर परत कोणी आलं नाही. ते पदच भरणं बंद झालं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आधी पिवळ्या पडल्या, मग गळल्या. वर्गाच्या तुकड्या कमी झाल्या, आसपासची मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसून जाऊ लागली. अर्ध्या प्रयोगशाळेत आता मोठा पडदा लावला आहे. नवीन आलेले शिक्षक, वर्षाच्या करारावरचे, त्याच्यावर प्रयोगाची चित्रफीत लावतात. तिच्यात निवळी दरवेळी दुधासारखी होते. मुलांच्या हातात नळी येत नाही. हे गजभियेभाऊंना कसं वाटलं असतं असं एकदा माझ्या मनात आलं, आणि त्यांच्या वतीनं वाईट वाटून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, असंही आलं.

ते मला शेवटचे दिसले ते माझ्या निवृत्तीनंतर दोनेक महिन्यांनी, सीताबर्डीच्या बाजारात. चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडत होते. केस पूर्ण पांढरे, अंगानं आणखी वाळलेले, शर्ट पांढराच. नवा चष्मा घालून समोरच्या पाट्या वाचून पाहत होते, एक एक करून. मी जवळ गेले. त्यांनी ओळखलं, नमस्कार केला. मी तब्येत विचारली. ठीक आहे म्हणाले. नात बारावीला आहे, रसायनशास्त्र तिला आवडतं, रोज तिला घेऊन बसतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. बोलताना चेहरा जरा उजळला होता, म्हणून मला धीर आला.

“भाऊ, त्या दिवशी त्या वहीतलं अक्षर तुमचंच होतं,” मी म्हटलं. “मला माहीत होतं.”

त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

“मलेही माहीत होतं. त्या साहेबालेही माहीत होतं,” ते म्हणाले. “आता काहून सांगून राहिल्या?”

मी म्हटलं, इतकी वर्षं मनात होतं. माफी मागायची होती.

आजूबाजूनं माणसं आम्हाला चुकवून जात होती. एक फेरीवाला मोजे घेऊन मध्येच आला, त्याला त्यांनी हातानं नाही म्हटलं. मग माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता.

“मी हो म्हटलं तर तुमचं मन हलकं होईन, मॅडम. तेवढ्या कामाले आता मले नका लावू.”

त्यांनी नमस्कार केला, नेहमीसारखा, दोन्ही हात जोडून, आणि निघाले. मी तिथंच उभी राहिले. रस्ता ओलांडायच्या आधी ते थांबले आणि त्यांनी वळून मागं पाहिलं. मला वाटलं, माझ्याकडे. मी हात वर केला. ते बस येते का ते पाहत होते.